द्वारका लहानेचा शोध

जालन्यात त्या वर्षीही पौषात नळ गोठले. तसे ते आता दरवर्षीच गोठायचे. पण श्रावस्तीच्या आईला अजून त्याची सवय झाली नव्हती. रोज सकाळी ती नळ फिरवायची आणि त्याच्याकडे अशी बघायची, जणू रात्री त्याने तिला वचन दिलं होतं.

झालं होतं असं की, उन्हाळे सोसवेनात म्हणून जगातल्या शहाण्यांनी आकाशात खूप उंचावर बारीक पांढरी धूळ पसरवली. सूर्याला जरा चाळणी लावावी, एवढाच हेतू. चाळणी जरा जास्तच घट्ट विणली गेली! उन्हाळे बरे झाले, आणि हिवाळा म्हणजे काय असतं ते मराठवाड्याला पहिल्यांदाच कळलं. पहाटे उणे आठ.

पण रेशीम वसाहतीतल्या चार नंबर इमारतीत, श्रावस्तीच्या, म्हणजे खरातांच्या घरात, त्या आठवड्यात चक्क स्वेटर काढून ठेवावा इतकं गरम होतं.

“बेस तापायली बाई तुमची शेगडी,” सरूमावशी म्हणाली आणि दोन्ही तळवे शेगडीला लावून उभी राहिली. सरूमावशी भुतेकर म्हणजे शेजारच्या दारातली सत्तरीची बाई. रोज आठला ती श्रावस्तीच्या एकोणीस दिवसांच्या बहिणीला न्हाऊ घालायला यायची. आधी हात गरम करायची, मगच बाळाला शिवायची. बाळ महिनाभर आधी आलं होतं. दोन किलोसुद्धा भरत नव्हतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की वजन वाढेपर्यंत खोली बावीस अंशांच्या खाली जाऊ द्यायची नाही.

“मावशी, तुमच्याकडे किती आहे आज?” आईने विचारलं.

“किती असायचंय? सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. मोजून ऊब देतेत मेले. कुणाचं पुण्य लागलंय तुमच्या शेगडीला, कुणास ठाऊक.”

ही शेगडी म्हणजे गणशेगडी. भिंतीतलं लोखंडी कपाट, आणि आत निखारे नाहीत, तर गणकयंत्र. ज्यांचं ऊब-बिल थकलं असेल, त्यांनी ऊब मंडळाकडे मदतीचा अर्ज करायचा. अर्ज मंजूर झाला की मंडळ घरात गणशेगडी बसवून देई. यंत्र मंडळाची कामं करी, काम करताना तापे, आणि त्या तापण्यावर घर ऊबदार राही. फुकट! मात्र काम असेल तरच. काम नसलं की नुसतं कपाट. श्रावस्तीचे वडील कामासाठी सुरतेला गेले आणि बिल थकलं, तेव्हा गेल्या हिवाळ्यात त्यांना ही शेगडी मिळाली होती.

सरूमावशीचा अर्ज मात्र अजून अडकलेला होता, म्हणून तिला शेगडी नव्हती; निकालापर्यंत मंडळ नळीतून रोज तेवढे दोन तास ऊब सोडायचं. शनिवारी दुपारी बारापर्यंत निकाल लागला नाही, तर अर्ज रद्द आणि तिची ऊब कायमची बंद. आज बुधवार होता.

तो अर्ज श्रावस्तीनेच भरला होता. इमारतीतले तेवीसच्या तेवीस अर्ज तिनेच भरले होते. नववीतली मुलगी, पण मंडळाचा तो किचकट फॉर्म तिला असा पाठ की विचारू नका. सरूमावशीचा तर अकरा मिनिटांत! ती स्वतःवर इतकी खूश झाली होती की तिने ते घड्याळ लावून मोजलं होतं.

त्या दुपारी दारात एक बाई आल्या. डॉक्टर उज्ज्वला डहाळे. गणशेगडी बनवणाऱ्या चमूतल्या शास्त्रज्ञ. त्यांनी शेगडीच्या दारावरचे चार आकडे टिपून घेतले. सात शून्य एक नऊ. हे आकडे श्रावस्तीने कुठेतरी पाहिले होते.

“मॅडम, हे यंत्र नेमका विचार कशाचा करतं?”

“तुमच्याच इमारतीतल्या मदत-अर्जांचा. लोकांची खासगी माहिती बाहेर जाऊ नये म्हणून ज्या इमारतीचा अर्ज, त्याच इमारतीच्या शेगड्यांना काम.”

“आणि विचार केला की तापतं?”

“कुठलंही यंत्र तापतंच. जितकी वीज आत जाते, तितकीच शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. उत्तराला वजन नसतं बाळा. उत्तर निघून जातं, ऊब मागे राहते. चुलीत राख राहते ना, तशी.”

“मग रोज इतकी ऊब का नसते?”

“कारण सोप्या अर्जाला चार मिनिटं लागतात. पण शंका आली, की शंकाफेरी सुरू होते. यंत्र जुन्या नोंदी चाळत बसतं: शाळांचे पट, मतदारयाद्या, दवाखान्यांची रजिस्टरं. शंका जितकी मोठी, तितकी ऊब जास्त. ही फेरी सहा दिवस चालू आहे. बावीस घरं तापतायत एका बाईवर.”

“कोणत्या बाईवर?”

डॉक्टरांनी कागद पाहिला. “अर्ज क्रमांक सात शून्य एक नऊ, सरस्वती भुतेकर यांचा. पुरावा जोडलाय बियाणं कंपनीतल्या नोकरीचा, आणि तो आहे द्वारका लहाने हिच्या नावाचा. यंत्राला वाटतं, कुणा दुसऱ्याच बाईचा कागद वापरलाय. त्यामुळे ते द्वारका लहाने शोधतंय. मराठवाडाभर.”

श्रावस्तीचे कान गरम झाले, आणि ते शेगडीमुळे नव्हे. सरूमावशी लग्नाआधी सतरा वर्षांची असताना बियाणं निवडायच्या कामाला लागली होती. लग्नात नवऱ्याने ताटात तांदूळ पसरले, अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, सरस्वती. झालं! तेव्हापासून घरात सरस्वती आणि कंपनीच्या कागदात द्वारका. हे सगळं मावशीने तिला सांगितलं होतं. अकरा मिनिटांच्या घाईत तिने खुलाशाची ओळच लिहिली नव्हती.

“पण दोघी एकच आहेत!”

“असतील. बाईचं आडनाव बदलतं हे आम्ही यंत्राला शिकवलं. पहिलं नावही बदलतात आणि त्याची नोंद फक्त तांदळात असते, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.” डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. “अर्ज भरणाऱ्याने एक ओळ लिहायची, अर्जदाराचा अंगठा घ्यायचा. फेरी तिथल्या तिथे संपेल. आणि शेगडीही.”

“दुसरं काम येईल ना?”

“संक्रांतीपर्यंत तरी दिसत नाही.”

“मग तुम्हीच सांगा ना मंडळाला!”

“मी शेगडी बनवली. शंका माझ्या हातात नाही.” त्यांनी पिशवी खांद्याला लावली. “तुला एक सांगू? या इमारतीत एकवीस घरांत मी विचारून आले, द्वारका लहाने कोण म्हणून. तळमजल्यावरचे एक गृहस्थ तर त्याच बियाणं कंपनीत होते. शोध संपला की ऊबही संपेल, हे कळल्यावर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. आम्हाला काय कळतं मशीनमधलं.”

डॉक्टर गेल्यावर आईने बाळाला पदराखाली घेतलं.

“शनिवारी बाराला मुदत आहे ना? मग शनिवारी अकराला पाठव.”

“आई! ती रोज आपल्या बाळाला न्हाऊ घालते.”

“म्हणूनच म्हणतेय, अकराला पाठव. नाही पाठवायचं असं म्हटलं का मी?” आईचा आवाज चिरकला. “तीन दिवसांत शंभर ग्रॅम तरी वाढेल गं ही.”

गुरुवारी सकाळी सरूमावशी शेगडीला हात लावून उभी होती, तेव्हा श्रावस्तीला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. चूक माझी, मावशी. आणि ज्या शेगडीवर तुम्ही हात शेकताय ना, ती तुमच्यावरच्या संशयाने तापलीय.

सरूमावशीने हात काढले नाहीत. ती खदखदून हसली.

“म्हंजे द्वारकीला शोधायलेत व्हय? अगं माय! मेल्याहो, पन्नास वर्सं झाली, माझ्या भावानं सुद्धा शोधली नाही तिला.” मग डोळे पुसत म्हणाली, “शोधू दे की दोन दिस. शोधायलेत तर बाळ तरी शेकू दे. शनिवारी देते अंगठा.”

“आणि तुमचं घर?”

“तुझी चूक हाय ना? मग तू इसरायची नाहीस. चुकलेलं माणूस लई ध्यानात ठिवतं.”

शनिवारी बरोबर अकराला श्रावस्तीने ओळ लिहिली: सरस्वती भुतेकर आणि द्वारका लहाने या एकच व्यक्ती आहेत, ही माहिती न देण्याची चूक अर्ज भरणारीची आहे. मावशीने अंगठा दाबला. कुणी वाक्याच्या मध्येच थांबावं तशी शेगडीतली घरघर थांबली. चार मिनिटांत मावशीचा अर्ज मंजूर! श्रावस्ती आनंदाने उडीच मारणार होती, पण आईने पहिलं काम केलं ते बाळाला दुसरं दुपटं गुंडाळण्याचं.

दुपारी तीनला खोली अठरावर आली. पाचला चौदा. मावशीची शेगडी अजून बसायची होती, पण संध्याकाळी तिच्या घरची नेहमीची तासाभराची ऊब सुरू झाली, तेव्हा तिने सगळ्यांना ओढूनच आपल्या घरी नेलं. चौघींच्या श्वासाने काचा धूसर झाल्या. तास संपला. बाळाचे ओठ आईला जरा निळसर वाटले. श्रावस्तीला नाही वाटले. निदान तिने तसं ठरवलं.

साडेसहाला घरी परतल्या, तर भिंत घरघरत होती.

आधी हळू, आणि मग अशी की कपाटाचं दार थरथरू लागलं. खोली सोळा झाली, एकोणीस, तेवीस. सव्वीस! आईने बाळाचं वरचं दुपटं काढलं. खाली-वर दारं उघडल्याचे आवाज आले, मुलं गॅलरीत धावली, कुणीतरी टोपी हवेत उडवली. सगळी इमारत तापली होती. शेगडीच्या दारावरचे आकडे भराभर बदलत होते, आणि ते सगळेच्या सगळे श्रावस्तीला पाठ होते.

तिचा फोन वाजला. मंडळाचा संदेश होता.

‘आपण भरलेल्या एका अर्जात आपली चूक असल्याचे आपण मान्य केले आहे. सबब, आपण भरलेले उर्वरित बावीस अर्ज फेरतपासणीसाठी घेण्यात येत आहेत. खुलाशाची मुदत तीस दिवस. मुदतीत खुलासा न आल्यास साहाय्य रद्द होईल.’

बावीस अर्ज. त्यात तिच्या आईचाही. त्यांत खोट कुठेच नव्हती, तिला ठाऊक होतं. प्रत्येकाला एक ओळ. बसली तर तासाभराचं काम.

तिने यादी उघडली. पहिल्या नावापुढची रिकामी चौकट लुकलुकत होती. खोलीत आईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाळाचे पाय उघडे टाकले होते, आणि बाळ ते हवेत झाडत होतं. गुलाबी, इवलेसे. आई श्रावस्तीच्या फोनकडे पाहत होती. शेगडीपाशी सरूमावशी हात शेकत उभी होती, आणि तिने या वेळी पुण्याचं नाव काढलं नाही.

खालच्या गॅलरीतून कुंडलिककाकांची हाक आली. बियाणं कंपनीतले, तेच.

“अगं श्रावस्ते! तुला समदं म्हाईत असतंय. आज कशानं गं तापली एवढी?”

श्रावस्ती कठड्यापाशी आली. बाहेर उणे दोन होतं, पाठीला सव्वीस. तिने फोन उलटा करून छातीशी धरला.

“मला काय कळतं, काका,” ती म्हणाली, “मशीनमधलं.”