कानोळीची तीन प्रश्नचिन्हं

सांडूनं टँकर डेपोची चिठ्ठी डिटेक्टिव्ह मनस्विनीपुढं केली. सिमेंटनं त्याची बोटं फुटली होती. २०१६चा मे महिना होता आणि औरंगाबादेत पाण्याखेरीज दुसरा विषय नव्हता.

"मंगळवारी कानोळीला टँकर आला नाय," तो म्हणाला. "बायको विहिरीत उतरली अन् तिथंच गेली. मी इथं बायपासला, बिल्डिंगच्या कामावर. डेपोवाले म्हणत्यात, मशीन चुकली. खरं काय ते सांगा, बाई."

चिठ्ठीवर गावाच्या जागी छापलं होतं: ???

"मशीनला कोण फाशी देणार?" केशव म्हणाला. मनस्विनीचा हा मदतनीस आधी बोलायचा, मग विचार करायचा. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

डेपोत गेल्यावर तिथला मॅनेजर देवेश साळसूदपणे म्हणाला, "कंपायलर जुना. मराठी नावाची प्रश्नचिन्हं करतो. गावच कळेना, तर टँकर पाठवू कुठं? दिवसभर इथंच उभा होता."

प्रोग्रॅमर अमेय घामाघूम झाला होता. "ही खोड मीच त्यांना सांगितली होती. प्रोग्रॅममध्ये अवतरणात मराठी लिहिलं, की मशीनच्या भाषेत नेताना जुना कंपायलर गोंधळतो. पण गेल्या महिन्यात मी नवा टाकला."

"जुन्यावर 'कानोळी' चालवून दाखव," मनस्विनी म्हणाली.

पडद्यावर उमटलं: ??????

"झालं की सिद्ध," केशव म्हणाला. अमेयची नोकरी गेलीच, असं वाटून त्याला वाईटही वाटलं.

मनस्विनीनं सगळ्यांना देवेशच्या टेबलाभोवती बसवलं.

"केशव, कानोळीत अक्षरं किती?"

"का, नो, ळी. तीन."

"देवेशरावांनीही अशीच मोजली, शाळेत शिकवली तशी. मशीनला मात्र क वेगळा, काना वेगळा. न आणि त्याचा ओकार, ळ आणि त्याची वेलांटी. प्रत्येकाचं एक प्रश्नचिन्ह, म्हणजे सहा. आत्ता पडद्यावर सहाच आली. चिठ्ठीवर तीन आहेत. ती मशीननं नाही, माणसानं टाइप केली. टँकर कुठं गेला, देवेशराव?"

देवेशचा चेहरा पडला. तो म्हणाला, "बायपासला. निळ्या गेटच्या बिल्डिंगवर. स्लॅबला पाणी हवं होतं."

सांडू खुर्ची सोडून जमिनीवर बसला. केशवनं त्याला उठवायला हात दिला, तो त्यानं धरला नाही.

"पाइप माझ्याच हातात होता," तो म्हणाला. "दुपारपर्यंत स्लॅब भिजवला. उरलेलं अंगावर घेतलं. लई गार होतं."