उरलेले तीस वॅट

चंद्रावरच्या 'निवारा' वस्तीत रात्र दोन आठवडे चालते. सूर्य नाही, सगळं बॅटरीवर भागवायचं, म्हणून ऊबही मोजूनच मिळते. माणशी एक चटई, चटईत बारीक तार, तारेला साठ वॅट. याला सगळे 'ऊबवाटा' म्हणत, आणि तो साहेबाला आणि शिपायाला सारखाच. तारेतून जाताना विजेला जो अडथळा होतो तो रोध, आणि त्या अडथळ्यातूनच ऊब जन्मते, असं तायडे मॅडम वर्गात सांगू लागल्या की शर्वाणी त्यांच्या आधीच मान डोलवायची. तिला सगळं आधीच कळलेलं असायचं!

तर या हुशार शर्वाणीचे पाय अभ्यास करताना गारठायचे. शेजारच्या खोलीत उद्धवकाका एकटे राहत आणि त्यांची केबल तिच्याच भिंतीतून जायची. तिने भांडारातून एक जुनी चटई आणली आणि काकांच्या तारेत मधेच जोडून टाकली, माळेत मणी ओवावा तशी. अर्धी ऊब त्यांना, अर्धी आपल्याला. काका तसेही दोन-दोन स्वेटर घालून बसतात, त्यांचं काय बिघडतंय?

त्याच आठवड्यात काका एका सकाळी चहाला आले नाहीत. दार उघडलं तर ते चटईवर निळे पडले होते. त्यांना दवाखान्यात हलवलं. खोली तपासायला तायडे मॅडम आल्या आणि मदतीला त्यांनी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला बोलावलं.

"दाब चोवीस व्होल्ट," केबलला मीटर लावत मॅडम म्हणाल्या. "प्रवाह सव्वा अँपिअर. रोध काढ बघू."

शर्वाणीला भागाकार करायचाच नव्हता. सवयीने तो झालाच. "एकोणीस पूर्णांक दोन ओहम."

"आणि एका चटईचा किती असतो?"

"नऊ पूर्णांक सहा."

बरोबर दुप्पट. म्हणजे या तारेवर आणखी एक चटई आहे, असं मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी शक्ती काढायला सांगितली. चोवीस गुणिले सव्वा, तीस वॅट. प्रत्येक चटईला पंधरा.

"पण प्रत्येकाला तीस मिळायला हवेत ना?" शर्वाणी बोलून गेली.

मॅडमनी मीटर खाली ठेवला. त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी आधी उत्तरच दिलं: रोध दुप्पट झाला की प्रवाह निम्मा होतो, आणि दाबही दोन चटयांत वाटला जातो. निम्म्याचं निम्मं.

"मग उरलेले तीस वॅट कुठे गेले?"

"ते आलेच नाहीत, बाळा. त्यांनाही नाही मिळाले आणि तुलाही नाही."

खरंच की. तिचे पाय तर गारच राहिले होते.

मॅडमनी जुनी चटई सोडवली. दवाखान्यात तू एकटीच जा, एवढंच त्या म्हणाल्या. तिथे शर्वाणीने काकांना काही न लपवता सगळं सांगितलं आणि मान खाली घालून ओरडा खायची वाट बघत राहिली. ओरडा आलाच नाही. शेवटी तिनेच विचारलं, इतकी थंडी वाजत होती तर कुणाला सांगितलं का नाही?

"मला वाटलं, वस्तीने म्हाताऱ्यांचा वाटा कमी केला असेल," काका म्हणाले. "बरोबरच आहे म्हटलं. मग विचारायचं काय?"

मग ते तिच्याकडे वळले.

"म्हणजे तू होतीस तर. वस्ती नव्हती."

आणि ते हसले, इतके सुटल्यासारखे, की शर्वाणीला तिथे उभं राहवेना.