उष्णतेला उतार हवा

इंजिनात बिघाड नव्हता. गरम पाणीही तेवढंच येत होतं. तरी जानेवारीत प्रयोगशाळेतले सगळे दिवे पेटवणारं ते इंजिन मे महिन्यात निम्मेसुद्धा पेटवू शकत नव्हतं. असं का व्हावं?

बारा वर्षांच्या केतकी मगदूमला काही उलगडेना. साल होतं २०४३. कारखान्यांतून वाया जाणाऱ्या गरम पाण्यावर चालणारं हे इंजिन तिच्या आजीनं, डॉ. पद्मजा मगदूम यांनी, कोल्हापुरातल्या आपल्या छोट्या कंपनीत बनवलं होतं. त्याला इंधन लागत नसे, त्यातून धूरही निघत नसे. कंपनीचे भागधारक (पैसे गुंतवून कंपनीत वाटा घेतलेले लोक) बहुतेक ओळखीतलेच होते आणि कित्येक वर्षं ते एकाच गोष्टीची वाट पाहत होते : परवाना करार (आपला शोध ठरावीक मोबदल्यात दुसऱ्याला वापरू देण्याचा करार). आता वाळवंटी भागातली एक मोठी कंपनी तो करायला तयार झाली होती.

आजी कपाळाला हात लावून बसली होती. तिला कारण ठाऊक होतं, पण फटका एवढा मोठा बसेल असं वाटलं नव्हतं.

"आजी, गरम पाणी तर आहे. मग?"

आजीनं टेबलावर इंजिनाची छोटी प्रतिकृती ठेवली. तिची एक बाजू उकळत्या पाण्यात होती, दुसरी बर्फाच्या पाण्यात. चाक भरभर फिरू लागलं.

"आत हवा कोंडलेली आहे. गरम बाजूला ती फुगते आणि दट्ट्याला ढकलते. गार बाजूला ती आकसते, दट्ट्या मागे येतो. आता बर्फाचं भांडं काढ आणि तिथंही उकळतं पाणी ठेव."

केतकीनं तसं केलं. चाक मंदावलं आणि थांबलं.

"पण आता तर उष्णता जास्त आहे!"

"आहे ना. पण तिला जायला जागा कुठं आहे? धबधब्यावरचं पाणी खाली पडतं म्हणून चक्र फिरतं. खालचं तळं त्याच उंचीपर्यंत भरलं तर?"

"पाणी पडणारच नाही," केतकी हळूच म्हणाली. "म्हणजे नुसती उष्णता पुरत नाही. तापमानांतर (दोन ठिकाणांच्या तापमानांतला फरक) लागतं!"

"मे महिन्यात इथली हवाच गरम, म्हणून आपल्या इंजिनाची गार बाजू तापते. वाळवंटात उन्हाळ्यात तर ती आणखी तापणार," आजी म्हणाली.

रविवारी शाळेच्या सभागृहात भागधारकांची सभा झाली. आजीनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. औषधांचं दुकान चालवणारे उदय शेटे उठून उभे राहिले.

"मॅडम, त्या कंपनीसमोरची चाचणी डिसेंबरात घ्या, तेव्हा इंजिन नीट चालेल. आपण खोटं थोडंच बोलतोय? किती वर्षं थांबायचं आम्ही?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. एस.टी.तून निवृत्त झालेले चालक बशीरचाचा मुल्लाणी काठीवर भार देऊन म्हणाले, "उदयराव, वाट तर मीपण बघतोय. पण मे महिन्यात तिथं आपल्या इंजिनावरचा पंखा बंद पडला, तर घामाघूम झालेला माणूस कुणाचं नाव घेईल? आपलंच ना?"

मतं घेतली. कंपनीला खरं कळवायचं असं थोड्या मतांच्या फरकानं ठरलं. शेटे तडक निघून गेले. पंधरवड्यात त्या मोठ्या कंपनीचा नकार आला. काहींनी आपले भाग मिळेल त्या भावात विकून टाकले.

एका संध्याकाळी केतकीनं विचारलं, "आजी, खूप गरम आणि खूप गार पाणी शेजारी शेजारी कुठं असतं?"

आजी ताडकन उठली. मग दोघींनी नकाशा उघडला. हिमालयात उकळत्या पाण्याचे झरे होते आणि काहींच्या शेजारून बर्फ वितळून आलेल्या नद्या वाहत होत्या. त्यांनी तिथल्या अनेक गावांशी पत्रव्यवहार केला. शेवटी एका गावच्या सहकारी संस्थेनं परवाना घेतला, तोही एकाच इंजिनाचा, गावच्या दवाखान्यासाठी.

इंजिन सुरू झालं, तेव्हा भागधारक पुन्हा सभागृहात जमले. शेटेही आले होते, मागे उभे होते. बशीरचाचा मात्र आधीच्या पावसाळ्यात वारले होते. त्यांच्या पत्नी मेहरुनचाची पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

पडद्यावर बर्फानं वेढलेला दवाखाना दिसला. एकेक खिडकी उजळली. शेटेंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"जाळ नाही, धूर नाही. मग हे चालतं कशावर गं?" मेहरुनचाचींनी विचारलं.

केतकी त्यांच्याजवळ बसली. "गरम झऱ्यातली उष्णता गार नदीकडे निघालीय, चाची. आपण तिच्याकडून वाटेत थोडं काम करून घेतो."

"आणि कधीपर्यंत चालेल?"

"झरा गरम आणि नदी गार आहे तोवर."

मेहरुनचाचींनी केतकीचा हात हातात घेतला.

"मग अशा जागा अजून शोधा," त्या म्हणाल्या. "आम्ही आहोत."