न चाखलेलं मीठ

विजेवर चालणाऱ्या बोटी व्हेनिसच्या कालव्यांतून सावल्यांसारख्या सरकत होत्या. पाण्यातूनच उगवल्यासारखी दिसणारी घरं, त्यांच्या कमानींखाली थरथरणारा उजेड. मंजिरीने साखरेत घोळवलेला गरम, तळलेला गोळा तोंडात टाकला आणि पुलावरच थबकली.

"काय म्हणते आक्का?" कुंदामावशीने विचारलं.

"काहीच नाही. कोरं लागतंय."

तिच्या टाळूला चिकटलेली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पट्टी आईची, म्हणजे मावशीच्या आक्काची, होती. स्वादछाया म्हणत तिला. मधुमेहात साखरेविना गोडाची चव मिळावी म्हणून आईने ती लावून घेतली होती. त्यासाठी पट्टीला आईची जीभ शिकावी लागली. कोणत्या घासाला ती कसा कौल देते, हे सारं तिने टिपून ठेवलं. आई गेल्यावर मंजिरीने पट्टी लावून वरणभाताचा पहिला घास घेतला आणि ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली. आईला लागायचा तसाच तो लागला होता.

व्हेनिस बघायचं आईचं राहून गेलं होतं, म्हणून मंजिरी तिला अशी घेऊन आली होती. पण इथलं काहीच आईने कधी खाल्लं नव्हतं, म्हणून पट्टी कोरीच राहत होती. नवा पदार्थ आला की मनगटावरचं घड्याळ विचारी : शिकू द्यायचं? 'हो' म्हटलं, की पट्टी मंजिरीच्या जिभेचा आधार घेऊन अंदाज बांधणार. मग दोघींच्या चवी एकमेकींत मिसळणार, त्या पुन्हा कधीही वेगळ्या न होण्यासाठी. सकाळपासून ती 'नाही' दाबत होती.

"एवढ्या लांब आणलंस तिला, आता उपाशी ठेवणार का?" मावशी म्हणाली.

"जेवेल गं. पण मग ती आई राहणार नाही."

"माणूस जिवंतपणीही बदलतं, मंजू. लग्नाआधी आक्काला कारलं डोळ्यांसमोर चालायचं नाही." मावशी हसली. "एक मात्र बदललं नाही. नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणून पातेल्यावर वाकून नुसत्या वाफेवरून मीठ सांगायची. मी जन्मभर प्रयत्न केला, नाही जमलं."

ऊन कलताना दोघी कालव्याकाठी जेवायला बसल्या. समोरच्या घुमटावर सोनं चढलं आणि तेच सोनं पाण्यात उतरून त्यांच्या टेबलापर्यंत आलं. मंजिरी बघतच राहिली. आई असती तर आधी हात जोडले असते तिने.

वाढप्याने वाफाळत्या बशा ठेवल्या.

"मटारांचा गुरगुट्या भात!" मावशीने कपाळाला हात लावला. "ह्यासाठी विमानात अवघडून बसले होय मी?"

घड्याळ उजळलं. शिकू द्यायचं? मंजिरीचं बोट 'हो'वर जाऊन थांबलं. ही जागा, हा उजेड आणि आईच्या तोंडात काहीच नाही. ती तशीच बशीवर वाकली. वाफ चेहऱ्यावर आली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली आणि नजरेनेच मिठाची डबी शोधू लागली.

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या बशीतला एक चमचा भात सावकाश तोंडात घोळवला.

"कमीच आहे," ती हळूच म्हणाली. "मंजू, जिभेवर घास पडल्याशिवाय तुझी ती पट्टी काही सांगत नाही ना?"

"नाही."

"आणि तू तर अजून चमचाही उचललेला नाहीस."

मंजिरीचं बोट घड्याळावरून खाली आलं. बशीतून वाफ निघतच होती.

"मग हे तुला कोणी सांगितलं?"