दुपारचं पाणी

त्र्यंबक करंदीकरांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेली. निवृत्त होऊन ठाकुर्लीच्या फ्लॅटमध्ये स्थिरावल्यावर तपासायला काही उरलं नव्हतं. मग बायको, माया, गेली आणि तिची खाऱ्या पाण्याची माशांची टाकी त्यांच्याकडे आली.

टाकीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी होती. माया असताना त्र्यंबकरावांनी टाकीला हात लावला नव्हता. आता ते दुकानदाराकडून सगळं रीतसर शिकून आले. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज उडालं तेवढं साधं, गाळलेलं पाणी काचेवरच्या रेघेपर्यंत ओतायचं. मग छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर थेंब ठेवून डोळ्याला लावायचं. खारेपणाचा आकडा पस्तीस हवा.

आकडा उतरू लागला.

सकाळी रेघेपर्यंत भरलेली टाकी संध्याकाळी काठोकाठ असायची. खारं पाणी कडेवरून ओघळून खालच्या कपाटावर सुकायचं आणि तिथे पांढरी नक्षी उठायची. जास्तीचं पाणी ते रात्री रेघेपर्यंत काढून टाकायचे. मीठ बाहेर, साधं पाणी आत. टाकी अळणी होत चालली होती. मासे तळाशी कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून पडून राहायचे.

"बाबा, तुम्ही दोनदा ओतताय," लेक क्षिप्रा फोनवर म्हणाली.

"मी? अगं, माझ्या हातून आयुष्यात एक नट दोनदा मोजला गेला नाही."

"तेव्हा नाही. आता." ती ठाण्याला राहायची. सातवा महिना होता, नवरा दिवसभर ऑफिसात. "रविवारी येते. आकडा नीट नसला तर टाकी दुकानात आणि तुम्ही माझ्याकडे. सिरियसली, बाबा. उद्या गॅस चालू ठेवून झोपलात तर हे पोट घेऊन मी कशी धावत येऊ?"

त्यांनी फोन ठेवला. हे घर सुटलं तर मायाचं जे काही उरलं होतं तेही सुटणार होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी घालून त्यांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तळमजल्यावरच्या आपल्याच दारासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले.

"काका, वॉचमनची नोकरी धरलीत की काय?" शेजारची दर्शना जाता जाता म्हणाली.

"बिनपगारी," ते म्हणाले.

दुपार कलली तेव्हा त्यांनी दार उघडलं. टाकी काठोकाठ होती. शेजारी स्टीलचा तांब्या. ते स्वतः प्लास्टिकचा जग वापरत. तांब्या माया गेल्यापासून माळ्यावर होता.

त्यांनी आत बोट फिरवलं. ओला होता.

ते खाली बसले. घाबरायला हवं होतं, पण त्यांना आमटी आठवली. लग्नानंतरच्या दिवसांत दोघांनीही एकमेकांना न सांगता आमटीत मीठ घातलं होतं. पहिल्याच घासाला माया हसत सुटली होती. "अहो, घाला की! पण सांगून घाला."

टाकीचं पाणी ती दुपारी घालायची, चहाच्या आधी. आणि ह्यांनी न सांगता सकाळचं सुरू केलं होतं.

"माया," ते म्हणाले. रिकाम्या खोलीत त्यांना स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. "सकाळी मी घालतो पाणी. सांगायचं राहिलं."

टाकीचा पंप घुरघुरत होता.

"साधं पाणी ओतत राहिलीस तर मरतील गं मासे. पाण्यात राहणाऱ्या जिवाला मीठ लागतं. ह्यांचं मी बघतो. तुला करायचंच असेल तर पोरीचं बघ. एकटी असते."

दुसऱ्या संध्याकाळी पाणी रेघेच्या खाली होतं. जेवढं उडावं तेवढंच उडालं होतं. हवं होतं तेच झालं, तरी ते टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले.

मग मिठाचं पाणी घालत त्यांनी आकडा हळूहळू वर आणला. मासे कोपरा सोडून फिरू लागले. रविवारी क्षिप्राने स्वतः यंत्र डोळ्याला लावलं.

"पस्तीस! बरं, इन्स्पेक्टरसाहेब. राहा इथेच." जाताना तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, हसू नका हं. तुमचा विसराळूपणा मला लागलाय."

"का गं?"

"घरी मी एकटीच आहे. पाण्याची बाटली अर्धी करते, लॅपटॉपकडे वळते, परत बघते तर भरलेली. मीच भरत असणार ना?"

त्र्यंबकरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"प्यायलीस?"

"हो. बाळ आतल्या पाण्यात मस्त लाथा मारतंय." तिने आणखी एक घोट घेतला. "फक्त बाबा, ते पाणी ना... थोडं खारट लागतंय."