पन्नास ग्रॅम मिरची

लालबागच्या मसाला गल्लीत संघमित्राने पाऊल टाकलं आणि तिला शिंक आली. मग दुसरी… मग शिंका थांबेचनात. एप्रिलचे दिवस. गल्लीभर मिरची कांडपाची यंत्रं धडधडत होती आणि हवाच तिखट झाली होती. ओढणीत तोंड लपवून ती एका दुकानाच्या पायरीशी थांबली. डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं काही दिसत नव्हतं.

“पहिल्यांदा आलात वाटतं?” कोणीतरी म्हणालं. पाठोपाठ हातात पाण्याची बाटली आली. “डोळे चोळू नका हं. अजून रडाल.”

डोळे उघडले तेव्हा तो दिसला. भुवयांवरसुद्धा लाल भुकटी बसलेली, आणि हसू दाबायचा प्रयत्न चाललेला… अजिबात न जमणारा.

“मला मिरची पूड हवी होती,” ती कशीबशी म्हणाली. “सुटी. पन्नास ग्रॅम.”

“पन्नास ग्रॅम?” त्याच्यामागे बायका वर्षाच्या मसाल्याची पोती घेऊन रांगेत उभ्या होत्या. “बाहुलीचं लग्न आहे का?”

त्याचं नाव अजित. दुकान त्याच्या आईचं, जाईबाईंचं. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी घरी मालवणी मसाला करून विकायला सुरुवात केली, त्याचं पुढे हे दुकान झालं. संघमित्रा परळच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होती. मिरची जास्त लाल दिसावी म्हणून काही जण तिच्यात बूटपॉलिशला वापरतात तसला रंग मिसळतात, तो पकडायचं तिचं काम.

“मिरची मुळात लालच. त्यात तो रंग सापडणार कसा?” अजितने विचारलं. आता तो हसत नव्हता.

“त्या रंगाचा रेणू मध्ये ठेवून त्याच्याभोवती पॉलिमर जमवायचं… प्लॅस्टिकसारखं. मग रंग धुऊन काढायचा. आत बरोब्बर त्याच्या आकाराची जागा रिकामी राहते. वरून मिरचीचा अर्क ओतला की बाकी सगळं वाहून जातं, तो तेवढा अडकतो.”

“गणपतीच्या साच्यासारखं.”

“साधारण तसंच. फक्त डोळ्यांना न दिसणारं.”

“आणि अडकला की सुटत नाही?”

“सुटतो. योग्य द्रावण घातलं की लगेच सुटतो.”

“अरेरे…” तो म्हणाला, आणि तिच्याकडे असं पाहिलं की ती सुटे पैसे घ्यायचं विसरून चालू लागली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. आसपासच्या दुकानांतली सॅम्पल्स अजितच मागून ठेवायचा. बेडगी कुठली, संकेश्वरी कुठली, ते तळहातावर घेऊन दाखवायचा. मधूनच चहा यायचा. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, “तू दमलीस आज…” आणि थबकला. ‘तुम्ही’ कुठे गेलं ते दोघांनाही कळलं नाही. तिने चहाचा ग्लास उगाच दोन्ही हातांत धरून ठेवला.

“हो, दमले,” ती म्हणाली. “तू कसं ओळखलंस?”

“येताना हसली नाहीस.”

मे महिन्यात एका दुपारी तिने जाईबाईंच्या दुकानातली मिरची तपासायला घेतली. ती स्वच्छ निघणार याची तिला इतकी खात्री होती, की यंत्र चालू करून ती डबा खायला गेली. परत येऊन पाहिलं तर पडद्यावरच्या आलेखात टोक उठलं होतं. लहानसं, पण नेमकं त्या रंगाच्या जागी.

कोणी तपासायला येण्याआधी त्याला कळायला हवं, एवढंच तिला सुचलं. तिने तिथल्या तिथे फोन केला.

“अजित… तुमच्या मिरचीत रंग आहे.”

पलीकडे त्याने कोणाला तरी यंत्र बंद करायला सांगितलं. मग तो म्हणाला, “बरं. सांगितलंस ते बरं केलंस.”

त्याच दिवशी त्याने ऐन हंगामात विक्री थांबवली. नेहमीच्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून मसाला परत मागवला. वर्षानुवर्षं मिरची धाडणाऱ्या रमाकांतमामांशी भांडला. हे तिला शेजारच्या दुकानदाराकडून कळलं, कारण ती गेली तेव्हा शटर बंद होतं आणि अजित नवी मिरची शोधायला कर्नाटकात गेला होता.

तिला चैन पडेना. तिने बाकीच्या दुकानांची सॅम्पल्सही यंत्रावर घातली. प्रत्येक दुकानाच्या मिरचीत तेच लहानसं टोक, सारख्याच उंचीचं. तिने मिरची न घालता नुसतं द्रावण पॉलिमरमधून सोडलं.

टोक आलं.

रंग मिरचीत नव्हता. तो तिच्याच पॉलिमरमध्ये उरला होता. धुऊन पूर्ण निघालाच नव्हता, थोडा थोडा झिरपत होता.

“असं बऱ्याच जणांचं होतं,” तिच्या गाईड मेघना मॅडम शांतपणे म्हणाल्या. “पण दुकानदाराला सांगायच्या आधी लोक तपासतात, संघमित्रा.”

फसव्या पॉलिमरवरून ती त्याची मिरची वाईट म्हणू शकत नव्हती, तशी चांगलीही म्हणू शकत नव्हती. त्याचा फोन लागेना. शेवटी तिने लिहिलं, ‘माझ्या चाचणीत चूक होती. खात्री करून सांगते.’ संध्याकाळी त्यापुढच्या खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

मग पावसाळा तसाच गेला. ती नव्याने पॉलिमर करत होती. या वेळी त्या रंगाऐवजी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा रेणू मध्ये ठेवून, म्हणजे तो झिरपला तरी टोक वेगळ्या जागी येईल. बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून. घर दादरजवळ नायगावला, पण संध्याकाळी ती उलट्या दिशेची, लालबागची बस पकडायची. पुलावरून जाणाऱ्या बसमधून गल्ली दिसत नाही, म्हणून खालून जाणारी. दुकान उघडं दिसलं की मान वळवून बघत राहायची… आणि ती चिंचपोकळीला उतरून परत फिरायची. काय तोंड घेऊन जाणार होती ती?

गणपती गेले, रस्ते मोकळे झाले, आणि एका सकाळी नवं पॉलिमर जमलं. नुसत्या द्रावणात काही नाही. जाणूनबुजून रंग घातलेल्या मिरचीत टोक. आणि अजितच्या मिरचीत, मे महिन्यापासून जपून ठेवलेल्या त्याच सॅम्पलमध्ये… काही नाही. संध्याकाळपर्यंत तिने सगळं तीनदा तपासलं. मग ॲप्रन काढला आणि लालबागपर्यंत चालत गेली.

दुकानात जाईबाई होत्या. मागे अजित मिरच्यांची देठं काढत बसला होता. तिला बघून तो उभा राहिला.

“मावशी,” ती जाईबाईंना म्हणाली, “तुमची मिरची स्वच्छ होती. चूक माझी होती. गिऱ्हाइकांना मी स्वतः फोन करून सांगते.”

जाईबाईंनी तिला नीट न्याहाळलं. “गिराईक येतला परत. पण ह्याचा तोंड अख्खो पावसाळो कडू झाला, तेका काय औषध आसा तुज्याकडे?” आणि त्या उठून आतल्या खोलीत गेल्या.

“रागावलायस?” तिने विचारलं.

“मामांची माफी मागावी लागेल. ते रागावतील.” तो देठांकडे बघत होता. “मी नाही.”

“मग मेसेजला उत्तर का नाही दिलंस?”

“काय देणार? ‘खात्री करून सांगते’ म्हणालीस. मी थांबलो. मला वाटलं, येशील सांगायला…” त्याचा आवाज खाली गेला. “रोज वाटायचं.”

“मला वाटलं, तुला माझं तोंडही बघायचं नसेल.”

“तुझंच बघायचं होतं ग.”

बाहेरून कोणीतरी हळदीचा भाव विचारून गेलं. दोघांनीही सांगितला नाही.

“अजून लागतील ना सॅम्पल्स?” त्याने घाईघाईने विचारलं. “नवी बेडगी आलीय. देतो बांधून.”

“नाही रे. काम संपलं. आता सॅम्पल नको.”

त्याचा चेहरा उतरला. तिला ते बघवेना.

“पण मी येणार आहे,” ती म्हणाली. “उद्या. परवाही.”

“कशाला?”

“तू दिसतोस म्हणून.” एवढं बोलताच तिचे कान तापले. “अजून सांगायला हवं का?”

“हवं,” तो म्हणाला. आता तो हसत होता, आणि डोळे भरले होते. “पण सावकाश. आपल्या दोघांच्या घरी सोपं जाणार नाही, संघमित्रा.”

“माहितीये. बाबांशी मी बोलेन. तुझ्या आईला कोण सांगणार?”

“मी हयंच आसंय,” आतून जाईबाईंचा आवाज आला. “बहिरी नाय मी! तिका घराक सोडून ये आदी, काळोख पडता.”

ते बसने गेले नाहीत. नायगावपर्यंत चालतच गेले, आणि तिच्या चाळीच्या कोपऱ्यावरून पुन्हा परळपर्यंत मागे आले.