सुरमईला बकुळ सोसेना

लोटे एमआयडीसीतल्या त्या रसायनांच्या कंपनीच्या फाटकातून शालन तणतणतच बाहेर पडली. खेडच्या दवाखान्यात ती केसपेपर लिहायची. डॉक्टरीणबाईंनी तिला एवढंच विचारायला धाडलं होतं, की तुमच्या कामगारांना खोकला येतोय, अंगावर चट्टे उठतायत, तर तुमच्या टाक्यांत असतं तरी काय? साहेबांनी बसासुद्धा म्हटलं नाही. त्यात श्रावणातली सर अशी कोसळली, की समोरचा रस्ता दिसेना.

"अहो बाई, तुमची छत्री राहिली!" मागून एक जण धावत आला.

"माझी नाही ती."

"ठाऊक आहे. माझी आहे." तो हसला. "पण तसं सांगितलं असतं, तर घेतली असती का?"

घेतली हो तिने. काय करणार, भिजून चिंब झाली होती बिचारी! आणि हसला की त्याच्या गालाला खळी पडत होती, तेही कारण होतंच... पण ते तिने मागाहून कबूल केलं.

हा सहदेव. कंपनीच्या लॅबमध्ये मदतनीस. साहेबांच्या मागे भुणभुण लावून लावून पंधरा दिवसांत त्याने त्यांना टाक्यांची माहिती द्यायला राजी केलं. अट एकच, रसायनांची नावं बाहेर जायची नाहीत, शेजारच्या कंपन्या टपूनच बसल्यात. डॉक्टरीणबाईंचीही अट होती. आजाऱ्यांची नावं कंपनीला कळायची नाहीत, नाहीतर उद्या माणसांना घरी बसवतील. दोघांनाही सांगायचं, आणि दोघांनाही लपवायचं! मग कळणार काय, कप्पाळ?

"आजाऱ्यांचे बिल्ला नंबर देत जा," सहदेव म्हणाला. शनिवारची दुपार, खेडच्या एसटी स्टँडवर हौसामावशीची कॅन्टीन, पुढ्यात दोन चहा.

"वा! आणि बिल्ल्यावरून साहेब नाव काढणार नाहीत? मोठे हुशार तुम्ही!"

शेवटी तोड काढली ती शालननेच. तिचे आजारी म्हणजे मासे, त्याची रसायनं म्हणजे फुलं. कोणता मासा कोण, ते तिच्या कपाटातल्या वहीत. कोणतं फूल काय, ते त्याच्या. कोणत्या दिवशी कोणत्या टाकीत कोणतं फूल होतं, ती यादी तो दर शनिवारी आणायचा. त्या दिवशी त्या टाकीवर कोण होतं, हे आजारी तिला सांगायचे. ती दवाखान्यात बसून दोन्ही ताडून बघायची.

"बांगडा बरा आहे?"

"टाकी तीच, तरी बांगड्याचे चट्टे गेले. अबोलीचा काही दोष नाही. पण पापलेट खोकतंय, मोरी खोकतेय..."

"काय बडबडतात मेली!" हौसामावशी कपाळाला हात लावायची.

"मी आजारी पडलो तर मला कोणता मासा कराल?" सहदेवने एकदा विचारलं.

"बोंबील."

"का ओ?"

"दिसत नाही का आरशात?" शालन म्हणाली, आणि स्वतःच लाजली. शनिवार कधी येतो असं तिला व्हायला लागलं होतं.

चौथ्या आठवड्यात दवाखान्यात एक माणूस आला. खोकून खोकून छाती भरलेली. "रामजी," त्याने नाव सांगितलं. मग हळूच म्हणाला, "माझा धाकटा भाव लॅबात हाय, सहदेव. त्येला कळू देव नका हां बाई. त्यो मला काम सोडायला लावील. मार्गशीर्षात भयनीचा लगीन हाय."

शालनचं पेन थांबलं. मग तिने वहीत लिहिलं, सुरमई.

त्या शनिवारी सहदेव हसला नाही. "आमचा दादा खोकतोय हो. सर्दी आहे म्हणतो. तुमच्या वहीत तो आहे का? बोलू नका, नुसती मान हलवा."

एवढीशी मान हलवायची होती! समोर तिला आवडणारा माणूस काकुळतीला आला होता... आणि खरं सांगायचं तर तिला तो गमवायचा नव्हता. पण रामजीने तिच्यावर विश्वास टाकला होता.

"वहीतलं विचारू नका."

"म्हणजे आहे!"

"कोणाबद्दलही विचारलं असतंत, तरी हेच म्हणाले असते."

"कोणाबद्दलही? मी कोणीही झालो तर!" चहा तसाच टाकून तो निघून गेला.

ती घरी जाऊन पोटभर रडली. सोमवारी औषधाला आलेल्या रामजीला मात्र तिने फैलावर घेतलं. "मी तोंड उघडणार नाही. पण घरात तो तुमच्यासाठी जीव टाकतोय. लग्नाला मोठा भाऊ उभा राहायला नको का?"

पुढच्या शनिवारी सहदेव नव्हता. यादीचं पाकीट कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरने आणून दिलं. तिने तशीच मान खाली घालून यादी ताडली. तेरा खोकणाऱ्या माशांपैकी अकरा बकुळीच्या टाकीवरचे निघाले, सुरमईसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी कंपनीला पत्र लिहिलं. त्यात नाव एकाचंही नव्हतं, नुसतं बकुळीचं. तीन दिवसांत त्या टाकीवर झाकण बसलं.

त्यानंतरच्या शनिवारी तो समोर येऊन बसला. डोळे उतरलेले.

"दादाने सगळं सांगितलं. त्याला गोदामात काम मिळालंय, पगार तोच. मी तुमच्यावर फार चिडलो होतो."

"कळलं ते."

"मग वाटलं... मी एवढा हातापाया पडलो, तरी ज्या बाईने माझ्या दादाला दिलेला शब्द मोडला नाही, तिच्या हाती सगळा जन्म दिला तरी काळजी नाही." त्याने आवाज अगदी बारीक केला. "मला तू आवडतेस, शालन. पण हे... सध्या कोणाला कळायला नको ना?"

शालनने त्याच्याकडे बघितलं. दोन महिने जिने साऱ्या आजाऱ्यांची गुपितं पोटात ठेवली होती, ती ताडकन उठून उभी राहिली.

"हौसामावशी!" सगळं स्टँड वळून बघेल अशा आवाजात ती म्हणाली, "मी या सहदेवाशी लग्न करणार आहे. सांग सगळ्यांना!"